४० मिलिमीटरचा ग्रुप १४ वर आला तो असा

स्वस्तातली स्प्रिंग एअर रायफल घरी आली की आठवडाभरात एक प्रश्न पडतोच. दहा मीटरवरून मारलेले छर्रे लिंबाएवढ्या जागेत पसरतात (या भोकांच्या घोळक्यालाच ग्रुप म्हणतात, जितका लहान तितका चांगला), तेव्हा दोष रायफलीचा की हाताचा? विचारायला जवळ कोणी नसतं. तालुक्याच्या गावी नेमबाजीची रेंज नाही, एअर रायफल उघडून बघणारा मिस्त्री नाही. डिसेंबर ते एप्रिल रोज सकाळी वहीत जे लिहीत गेलो, ते इथे त्याच क्रमानं देतो आहे.

रायफल देशी, ब्रेक-बॅरल, ४.५ मिमी नळीची. ब्रेक-बॅरल म्हणजे नळी बिजागरीवर वाकवून ओढली की आतली स्प्रिंग दाबून अडकते, आणि ट्रिगर ओढल्यावर तिच्या जोरानं सिलिंडरमधला पिस्टन हवा दाबून छर्रा ढकलतो. जर्मन डायना कंपनीच्या जुन्या ३५ नंबरच्या मॉडेलवर बेतलेली. किंमत ७,४०० रुपये. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी लोखंडी, दुर्बीण नाही.

खरेदीआधी थोडं थांबावं लागलं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. आचारसंहितेच्या दिवसांत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतली जातात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत नळी आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण नाकाबंदीवरच्या शिपायाला एसटीत उभं राहून हे समजावत बसणं नको वाटलं. निकाल २३ ला लागला आणि २ डिसेंबरला अमरावतीहून रायफल आणली. दुकानदारानं आधार आणि पॅनची झेरॉक्स, दोन फोटो घेतले, रजिस्टरात नोंद करून सही घेतली. बिलावर रायफलीचा नंबर लिहून घ्या आणि ऊर्जा २० जूलच्या आत असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र मागून घ्या. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, उन्हाळ्यात ती छपाई पार उडून जाते.

गावात पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवलं. ठाण्यात माहितीचा साधा अर्ज दिला. तसा अर्ज द्यावाच असं काही नव्हतं, पण गावात ‘बंदूक आली’ ही बातमी आपल्याआधी ठाण्यात पोचते. ५ तारखेला गेलो तर ६ डिसेंबरच्या बंदोबस्ताची गडबड होती, नंतर या म्हणाले. ९ ला पुन्हा गेलो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन आलो. ती प्रत रायफलीच्या पिशवीतच राहते. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सगळ्यांना स्पष्ट सांगितली: हरभऱ्यात वानरं येवोत की तुरीवर पोपट बसोत, ही रायफल कागदावरच चालेल. वन्य पक्षी-प्राण्यांवर छर्रा मारणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. शिवाय एवढ्या ताकदीचा छर्रा वानरासारख्या जनावराला सहसा मारत नाही, नुसता सडवत ठेवतो.

जागा ही पहिली अडचण. डिसेंबरात मोकळी खोली कुठली मिळणार, सगळीकडे कापूस भरलेला. कोठ्याच्या भिंतीलगत १४ मीटरची बोळ होती, तिच्या टोकाला माती भरलेल्या पोत्यांची छातीइतकी उंच दुहेरी भिंत रचली. तिच्यापुढे ४५ सेंटिमीटरची चौकोनी लाकडी पेटी, आत ३ मिमी लोखंडी पत्रा ४५ अंशांत तिरपा, वरचं टोक नेमबाजाकडे झुकलेलं. छर्रा पत्र्यावर आपटून खाली वळतो आणि तळाच्या चिंध्यांत पडतो. वेल्डरची मजुरी धरून ६५० रुपये. पत्रा सरळ उभा ठेवू नका, शिशाचे तुकडे उलटे येतात. डोळ्यांवर गॉगल हवाच, आपल्याही आणि शेजारी उभ्या राहणाऱ्याच्याही. १२० रुपयांचा वेल्डिंगच्या दुकानातला पांढरा गॉगल पुरतो. बोळीत येणाऱ्या दोन्ही वाटांना आडवी बाज लावायची आणि गुरं सुटल्यावरच सुरू करायचं, हा नियम पाचही महिने पाळला.

अंतर टेपनं मोजून बरोबर १० मीटर: नळीच्या तोंडापासून कागदापर्यंत. कागदासाठी जुन्या लग्नपत्रिका जमवल्या. वहीच्या कागदाला छर्रा फाडून जातो आणि भोकाची कड कळत नाही, जाड पत्रिकेत भोक गोल पडतं. मागच्या कोऱ्या बाजूवर ४० मिमीचं काळं वर्तुळ रंगवलं. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतल्या कागदाचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो, एअर पिस्तूलचा ५९.५ मिमीचा. उघड्या माशीनं नेम धरताना मधलं माप डोळ्याला सोपं गेलं. नेम वर्तुळाच्या मध्यावर धरायचा नाही, खालच्या कडेला टेकवायचा. काळ्यात काळी माशी दिसत नाही, खालच्या कडेला पांढऱ्यावर स्वच्छ दिसते.

मोजायची पद्धत एकदाच ठरवली आणि नंतर बदलली नाही. एका ग्रुपला १० छर्रे, प्रत्येक बदलानंतर तीन ग्रुप. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर प्लास्टिकच्या व्हर्नियरनं (१८० रुपये) मोजायचं आणि त्यातून ४.५ मिमी वजा करायचे. तीन किंवा पाच छर्ऱ्यांचा ग्रुप छान लहान दिसतो, पण तो नशिबाचा असतो. दहा छर्ऱ्यांत रायफलीचं खरं वागणं उमटतं. ‘हा एक हुकला, धरू नका’ असं म्हणून भोक सोडायचं नाही. नेमक्या त्याच भोकात दोष दडलेला असतो.

मोजणी सुरू करण्याआधी नळी पुसली. कारखान्यातलं ग्रीस आणि लोखंडाचा कीस आत असतोच. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घेतली, एका टोकाला काडीपेटीनं गाठ वितळवली, दुसऱ्या टोकाच्या फासात सुती चिंधी अडकवली आणि छर्रा भरायच्या बाजूनं तोंडाकडे ओढली. चिंधी काळीभोर निघाली, नवव्या चिंधीला पांढरी आली. तारेचा ब्रश घालू नका. तोंडाच्या बाजूनं गज घालणं तर टाळाच, नळीचं तोंड हे नेमाचं सगळ्यांत नाजूक ठिकाण आहे.

मग १५० छर्रे कशाचीही नोंद न करता मारले. नव्या रायफलीत सिलिंडरमध्ये तेल उतरलेलं असतं. पिस्टन हवा दाबतो तशी ती इतकी तापते की तेलाचा भडका उडतो. मोठा आवाज, नळीतून निळसर धूर, जळक्या तेलाचा वास. त्या भडक्यानं छर्ऱ्याचा वेग दर वेळी वेगळा होतो, म्हणून धूर थांबेपर्यंतची मोजणी फुकट. ‘वंगण हवं’ म्हणून ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या बाजूच्या सांध्याच्या, भोकात शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे असलं काही घालू नका. भडका वाढतो आणि पिस्टनचं वॉशर जळतं.

छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट हवा. ओढलेली रायफल चुकून सुटली तर नळी झटक्यानं मिटते, बोट मध्ये असेल तर ते जातं. आणि छर्रा न घालता ट्रिगर ओढायचा नाही. पुढे छर्ऱ्यानं अडवलेली हवा नसेल तर पिस्टन थेट सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो.

१० डिसेंबरला सकाळी सात वाजता पहिली खरी मोजणी. रायफल बाजेच्या माचव्याला टेकवून, दस्ता खांद्याला घट्ट दाबून. ३७, ४०, ४३ मिमी. सरासरी ४०. मन खट्टू झालं, रायफल परत करावी असंही वाटलं. पण त्या कागदांवर नीट पाहिलं तर छर्रे सगळीकडे सारखे पसरले नव्हते. उभ्या रेषेत जास्त, आडवे कमी. दोषाला दिशा असेल तर तो सापडण्यासारखा असतो.

पहिला संशय स्क्रूंवर. स्प्रिंग रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे धावतो तशी रायफल मागे येते, आणि पुढच्या टोकाला दाबलेल्या हवेवर पिस्टन आपटून थबकला की ती पुढे झटका खाते. असे शंभर-दीडशे झटके बसले की दस्त्याचे स्क्रू सैल होतात. पुढे लाकडाच्या दोन बाजूंचे दोन आणि ट्रिगर गार्डचे दोन, चारही अर्धा ते पाऊण आटा फिरले. ते काढले, आटे नेलपॉलिश रिमूव्हरनं धुवून कोरडे केले, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, २४३ नंबर, १९० रुपये) एक-एक थेंब लावून परत बसवले आणि रात्रभर हात लावला नाही. लाल लॉकटाइट घेऊ नका, नंतर स्क्रू काढायला तापवावं लागतं आणि दस्ता जळतो. लाकूड मऊ असेल तर स्क्रूखाली पितळी वायसर घाला, नाहीतर स्क्रू लाकडात रुततच जातो. याच वेळी नळीचा बिजागरीचा बोल्टही पाहिला. रायफल पूर्ण ओढून स्प्रिंग अडकल्यावर नळी अर्ध्या वाटेत सोडली तर ती तिथेच थांबायला हवी, स्वतःच्या वजनानं खाली पडायला नको. आणि हातानं डावीउजवी हलवली तर खेळ जाणवायला नको. पाव आटा घट्ट केल्यावर थांबली.

१३ तारखेचे ग्रुप ३४, ३१, ३७. सरासरी ३४. थेंबभर लॉकटाइट आणि पाव आट्यानं ६ मिमी.

यानंतर दोन आठवडे फक्त धरायची पद्धत बदलत गेलो, आणि मला विचाराल तर सगळ्या खटाटोपाचा गाभा हाच. रायफल कडक वस्तूवर टेकवली की ती टेकूवरून उडते. तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो, त्यामुळे नळी जिथे उडाली तिथे तो जातो. घट्ट आवळून धरली तर हाताचा दाब दर वेळी थोडा वेगळा पडतो आणि उडी वेगळी होते. दाबलेल्या हवेची टाकी असलेल्या स्पर्धेच्या रायफलीत जड पिस्टन धावत नाही, म्हणून ती घट्ट धरून चालतं. तिथली शिकवण इथे उलटी पडते. स्प्रिंग रायफलीला मोकळेपणानं, दर वेळी अगदी सारखीच उडू द्यायची. जगभर याला आर्टिलरी होल्ड म्हणतात.

करायचं असं. मातीनं पाऊण भरलेली छोटी पिशवी टेबलावर. डाव्या हाताचा मागचा भाग पिशवीवर, तळवा वर, उघडा. रायफलीचं पुढचं लाकूड तळव्यावर नुसतं ठेवलेलं, बोटं मिटायची नाहीत. उजव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून पलीकडे न नेता त्याच बाजूला सरळ. खांद्याला दस्ता टेकेल इतकाच. गालाचं वजन टाकायचं नाही. ट्रिगर सुटल्यावरही माशीवरची नजर हलवायची नाही, छर्रा पत्र्यावर वाजल्याचं ऐकू आल्यावरच डोळा उचलायचा. आपण रायफल ओढून नेमावर आणत नाही ना, हे तपासायची सोपी रीत आहे: नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास घ्या, उघडा. माशी सरकलेली दिसली तर हातानं ढकलू नका, पिशवी आणि बैठक सरकवा.

तळवा कुठे ठेवायचा हे प्रत्येक रायफलीचं वेगळं. लाकडावर पेन्सिलीनं तीन खुणा केल्या. ट्रिगर गार्डला लागून: सरासरी ३१. लाकडाच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथे नळी ओढायच्या दांड्याची फट संपते: २८. दोन्हींच्या मध्ये, पुढच्या टोकापासून ११ सेंटिमीटर मागे: २५, २७, २३. सरासरी २५. तिसरी खूण पक्की केली आणि पुढची प्रत्येक मोजणी तिथेच हात ठेवून केली. या टप्प्याआधी छर्रे बदलून पाहणं व्यर्थ आहे. हातच सारखा नसेल तर डबा चांगला की वाईट ते कसं कळणार?

जानेवारीत वेग मोजला. वेग मोजायचं यंत्र महाग पडत होतं, म्हणून फोन आणि आवाज पाहायचं एक मोफत ॲप वापरलं. फोन नळीच्या तोंडापासून आणि लक्ष्यापासून सारख्या अंतरावर ठेवायचा, वाटेपासून दीड मीटर बाजूला. बार आणि आदळ या दोन्ही आवाजांना फोनपर्यंत यायला सारखाच वेळ लागतो, तो आपोआप वजा होतो, आणि ॲपमध्ये दिसणाऱ्या दोन उंचवट्यांमधला वेळ म्हणजे छर्ऱ्याचा उडण्याचा वेळ. १० मीटर भागिले तो वेळ. ५५ मिलिसेकंद असेल तर सेकंदाला साधारण १८२ मीटर. आकडा नळीच्या तोंडावरच्या वेगापेक्षा थोडा कमी येतो, पण आपल्याला हवा असतो तो दहा बारांमधला फरक. पत्र्यावरची चिंधी काढा म्हणजे आदळ खणखणीत उमटते.

दुकानातले देशी छर्रे, वजन सरासरी ०.५० ग्रॅम. दहा बारांत वेग १७१ ते १९३ मीटर. ऊर्जा सरासरी सव्वाआठ जूल, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीही नाही. पण २२ मीटरचा फरक फार होता. कागदी रुमालाची पट्टी ब्रीचच्या सांध्यावर ठेवून बार केला, ती उडाली. म्हणजे हवा सांध्यातून निसटत होती. जुनं वॉशर चपटं झालं होतं. हायड्रॉलिक पाइप दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच बाहेरच्या मापाचे तीन ओ-रिंग (रबरी कड्या) आणले, ३० रुपये. नवी रिंग खाचेतून साधारण अर्धा मिमी वर दिसायला हवी. माझी खोल बसली, म्हणून तिच्याखाली पत्रिकेच्या कागदाची गोल चकती कापून घातली. फार वर आली तर नळी पूर्ण मिटत नाही आणि नेम खाली-वर होतो. दोन चकत्या घातल्या तेव्हा नेमकं तसंच झालं, एक काढून टाकली.

आता वेग १८६ ते १९२. आनंद झाला. पण ग्रुप? २६, २२, २४. सरासरी २४, म्हणजे जागच्या जागी. हे कोडं कागदावर हिशेब मांडल्यावर उलगडलं. सेकंदाला १७१ मीटर वेगाचा छर्रा दहा मीटरमध्ये जवळपास १६.८ मिमी खाली येतो, १९३ चा १३.२ मिमी. फरक साडेतीन मिमीचा. दहा मीटरवर वेगाचा गोंधळ फार दिसतच नाही. हाच फरक २५ मीटरवर २२ मिमीच्या आसपास जातो. तेव्हा ज्यांना अंगणातच मारायचं आहे त्यांनी वेगामागे लागून वेळ घालवू नये. लांब मारणाऱ्यांनी मात्र सांध्याचं वॉशर सगळ्यांत आधी बदलावं.

छर्रे ऑनलाइन मागवले ते १२ दिवसांनी, १८ जानेवारीला आले. आर.डब्ल्यू.एस. हॉबी, चपट्या तोंडाचे, ०.४५ ग्रॅम, ५०० चा डबा १,१५० रुपये. जे.एस.बी. एक्झॅक्ट, गोल तोंडाचे, ०.५४७ ग्रॅम, १,४५० रुपये. पैसे खटकले, कारण देशी डबा २२० चा होता. सोनाराच्या काट्यावर प्रत्येक डब्यातले वीस-वीस छर्रे तोलले. देशी ०.४७ ते ०.५३ ग्रॅम, शिवाय वीसांत तीन छर्ऱ्यांचा घागरा, म्हणजे मागचा पसरट भाग, चेपलेला. बाहेरच्या दोन्ही डब्यांत फरक एक-दोन शतांश ग्रॅमच्या आत. अंगठ्यानं भरतानाही कळतं. देशी छर्ऱ्यांत एक सैल पडतो, दुसरा दाबून घालावा लागतो. चांगल्या डब्यातला प्रत्येक सारख्याच दाबानं बसतो.

डबा बदलला की पहिले वीस छर्रे मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. त्यानंतरचे ग्रुप: देशी २४, जे.एस.बी. २०, हॉबी १७. कमी ताकदीच्या स्प्रिंगला हलका छर्रा मानवतो, असं माझ्या रायफलीनं दाखवलं. तुमची उलटंही सांगेल. म्हणून एकच मोठा डबा घेण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून वेगवेगळे डबे घ्या आणि शंभर-शंभर वाटून घ्या. पैसे कमी असतील तर देशी डबा चाळून घ्या: घागरा चेपलेले बाजूला काढा, उरलेले काट्यावर तीन वाट्यांत वेगळे करा. त्यानं माझा देशी ग्रुप २४ वरून २१ वर आला. अर्धा तास जातो, खर्च शून्य. सराव आजही त्याच छर्ऱ्यांवर चालतो.

फेब्रुवारीत कापूस विकला गेला, खोली रिकामी झाली आणि वारा नसलेली बंद जागा मिळाली. मग नळीच्या तोंडाकडे वळलो. माशीची टोपी काढून कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवली. एका जागी, डाव्या अंगाला, कापसाचे तंतू अडकले. तिथे बारीक कड उभी होती. छर्रा बाहेर पडताना हवा चारही बाजूंनी एकाच वेळी सुटायला हवी. कड उठलेली असेल तर एका बाजूनं आधी सुटते आणि छर्ऱ्याचा घागरा ढकलला जातो.

गोल डोक्याचा पितळी स्क्रू, डोकं ८ मिमी. त्यावर मोटारसायकलच्या वाल्व्हला घासायची बारीक पेस्ट (६० रुपयांची डबी). नळीत तोंडापासून दोन सेंटिमीटर आत ग्रीस लावलेली चिंधी कोंबली, म्हणजे पेस्ट आत जाणार नाही. स्क्रू हाताच्या ड्रिलमध्ये धरून अगदी हळू फिरवला आणि ड्रिलचं मागचं टोक सतत लहान वर्तुळात हलवत ठेवलं. न हलवता एका जागी धरलं तर तोंड तिरपं घासतं. वीस सेकंद, पुसून काडी फिरवायची, पुन्हा वीस. तिसऱ्या वेळी काडी कुठेच अडली नाही आणि कडेभोवती सारख्या रुंदीची चकचकीत रेघ दिसली. चिंधी तोंडाकडूनच ओढून काढा, मागे ढकलू नका. नंतर नळी पुन्हा पूर्ण पुसली. ग्रुप १४, १६, १५.

राहता राहिली स्प्रिंग. बार होताना टणटण असा घुमणारा आवाज येई आणि गालाला थरथर जाणवे. २२ फेब्रुवारीला उघडली. हा एकच टप्पा असा की हात कापत होते. मागचा ठोकळा सोडताना स्प्रिंगचा दाब अंगावर येतो, म्हणून हातानं दाबून उघडायचा प्रयत्न कुणीही करू नये. सुताराचा १२० सेंटिमीटरचा लांब शिकंजा आणला, सिलिंडर त्यात आडवा बसवला, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे दिले, पिन काढली आणि शिकंजा एक-एक आटा सैल केला. साधारण सात सेंटिमीटर मोकळं झाल्यावर स्प्रिंग शांत झाली. प्रत्येक भाग निघाला तसा फोटो काढा. ट्रिगरच्या पिना सारख्या दिसतात, लांबी वेगळी असते.

आत गेरूच्या रंगाचं घट्ट ग्रीस थापलेलं, त्यात लोखंडाचा चुरा. सगळं रॉकेलनं धुतलं. स्प्रिंगची दोन्ही टोकं खरखरीत होती, ती पॉलिश पेपरवर सपाट केली. पिस्टनच्या बाजूंना आणि स्प्रिंगच्या टोकांना मॉलिब्डेनम ग्रीसचा बोटानं पुसल्यासारखा पातळ हात (डबी २४० रुपये). स्प्रिंगच्या अंगाला चिकट जाड ग्रीस थोडं, थरथर त्यानंच थांबते. वॉशरच्या पुढच्या तोंडाला काहीही नाही. ट्रिगरच्या पकडीच्या दातांना मॉलिब्डेनम लावलं, घासले मात्र नाहीत. तिथे कानशी चालवली तर रायफल आपोआप सुटते. ‘जोरदार स्प्रिंग टाकून घ्या’ असा सल्ला बरेच देतात. तो ऐकू नका. धक्का वाढतो, नेम बिघडतो, आणि २० जूल ओलांडले तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होतो.

बसवल्यावर पहिले चाळीस बार थोडा धूर, नंतर शांत. टणटण गेली, बार एकच ‘ठप्प’ असा येतो. ग्रुप १३, १५, १४. पंधरावरून चौदा हा फरक तीन ग्रुपांवरून खरा म्हणता येणार नाही. आवाजाचा त्रास नसेल तर स्प्रिंग उघडायची गरज नाही. ज्यांच्या हाताला अवजारांची सवय नाही त्यांनी तर नकोच.

दुर्बीण लावायची का, असं विचारणारे बरेच भेटले. स्वस्त दुर्बिणी बहुतेक ९०-१०० मीटरवर जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर चित्र पुसट दिसतं आणि डोळा किंचित सरकला तरी नेम सरकतो. शिवाय पुढच्या झटक्यानं साधी दुर्बीण आतून सुटते. घ्यायचीच तर जवळच्या अंतरावर जुळवता येणारी, स्प्रिंग रायफलसाठी म्हणून विकली जाणारी घ्या, आणि मागे सरकू नये म्हणून रिंगांमागे अडणीचा खिळा बसवा. त्याआधी मागच्या खाचेचा खेळ बघा. माझ्या खाचेची पट्टी बोटानं डावीउजवी हलायची. खाली पातळ पितळी पत्र्याचा तुकडा सरकवल्यावर हलायची थांबली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पारा ४० च्या वर गेल्यावर, ग्रुप तेवढाच राहिला पण सगळा ४ मिमी वर सरकला. उन्हात ग्रीस पातळ होतं, पिस्टन मोकळा धावतो. मागच्या खाचेच्या दोन टिचक्यांनी तो खाली आणला आणि वहीत तारखेसमोर तापमान लिहायला लागलो. रायफल टिनाच्या खोलीत ठेवू नका, उभी तर नकोच. उष्णतेत ग्रीस वितळून उतरतं आणि पुढच्या सकाळी पुन्हा निळा धूर. माळ्याखाली, आडवी, स्प्रिंग न ओढलेली, कुलपात.

रायफलीशिवायचा खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला, त्यातले तीन हजार छर्ऱ्यांचेच. साधारण १,९०० बार झाले. पेटीच्या तळातून चिंध्या झटकून जवळपास पाऊण-एक किलो शिसं निघालं. ते हातमोजे घालून पत्र्याच्या डब्यात भरलं आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या भंगारवाल्याला दिलं. घरच्या चुलीवर वितळवायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही, आणि छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही की भाकरीला हात लावायचा नाही.